पाहुणा की गिऱ्हाईक?

आमच्या गावात एक वाचनालय आहे. खाली दोन खोल्या, वर एक दिवाणखाना, मागे विहीर. ज्यांनी ही जागा दिली त्यांनी दानपत्रात एवढेच लिहिले होते की, ‘वाचू इच्छिणाऱ्या कोणालाही या दारातून परत पाठवू नये.’ आम्ही पाचजण त्याचे विश्वस्त. विश्वस्त हा शब्द मोठा आहे. प्रत्यक्षात आम्ही वीजबिल भरणारे, पावसाळ्यापूर्वी कौले शाकारून घेणारे आणि वर्गणीसाठी दारोदार फिरणारे पाचजण आहोत.

गेल्या वर्षी छप्पर गळू लागले. वासे कुजले होते. दुरुस्तीचा अंदाज ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. त्याच सुमारास मंडप आणि जेवणावळींचा धंदा करणारे एक गृहस्थ प्रस्ताव घेऊन आले. वरचा दिवाणखाना आणि मागचे आवार लग्नकार्यासाठी, सभा-मेळाव्यांसाठी भाड्याने द्यावे. छप्पर ते बांधून देतील आणि भाडेही देतील.

बैठकीत आमच्यातले वकील म्हणाले, “दिव्याला तेल लागतं, मास्तरसाहेब. नुसत्या काचेनं उजेड पडत नाही.”

निवृत्त शिक्षक असलेले मास्तरसाहेब शांतपणे म्हणाले, “खरं आहे, वकीलसाहेब. पण आपण तेलाचंच दुकान काढून बसलो, तर दिवा लावायची आठवण कोण ठेवणार?”

दोघांचेही म्हणणे आम्हांला पटले आणि अडचण तिथेच सुरू झाली. दोन्ही बाजू खऱ्या असतात तेव्हा मतदानाने प्रश्न मिटतो, सुटत नाही. त्या दिवसांत आम्ही एका दूरच्या घराबद्दल वाचत होतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगण्यात, टॉटनेस गावाजवळ, डार्ट नदीच्या काठी डार्टिंग्टन हॉल नावाचा जुना जमीनदारी वाडा आहे. सहाशे वर्षांहून अधिक काळ उभा असलेला हा वाडा अलीकडच्या काही दशकांत हॉटेल, परिषदा आणि लग्नसमारंभांची जागा म्हणून लोकांना माहीत झाला. कुठे तो वाडा आणि कुठे आमची कौलारू इमारत! परंतु प्रश्न नेमका तोच होता. एखादी वास्तू ज्या हेतूने राखली, तो हेतू जगवण्यासाठी ती भाड्याने द्यावी का? आणि दिली, तर हेतू उरतो का?

या वाड्याची हकीकत वाचकांपुढे ठेवतो. ती ऐकल्याशिवाय घाईने निवाडा करणे बरे नव्हे.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस, १३८८ नंतरच्या दहा-बारा वर्षांत, जॉन हॉलंड नावाच्या सरदाराने हा वाडा बांधला. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याचा तो सावत्र भाऊ. मोठा चौक, एका टोकाला भव्य भोजनगृह आणि चौकाच्या कडेला सरदाराच्या लवाजम्यासाठी ओळीने बांधलेल्या खोल्या, अशी रचना. भोजनगृहाच्या देवडीत छताच्या दगडावर पांढरे हरीण कोरलेले आहे. ते राजा रिचर्डचे चिन्ह. म्हणजे आत पाऊल टाकणाऱ्याला पहिल्याच पायरीवर कळावे की, हे घर कोणाच्या छायेत उभे आहे.

त्या भोजनगृहात शेकडो माणसे जेवत असतील. कोणाकडून पैसे घेतले जात नसत. जुन्या काळाचे गोडवे गाणारे लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, पाहा, तेव्हा पाहुणचार होता, आता बिल आहे. पण ते जेवण खरोखर फुकट होते काय? धान्य पिकवणाऱ्या कुळांनी त्याची किंमत आधीच मोजलेली होती. आणि जेवणाऱ्या शिलेदाराला ती पुढे मोजावी लागे, तलवारीने आणि प्रसंगी मुंडक्याने. खुद्द यजमानालाही ती चुकली नाही. रिचर्डची गादी गेली, नव्या राजाविरुद्धच्या कटात हॉलंड सापडला आणि जानेवारी १४०० मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. ज्या घराने राजाच्या मेहरबानीवर मेजवान्या दिल्या, त्या घराचे बिल असे आले.

तेव्हा पहिली गोष्ट आम्ही मनाशी नोंदवली. पैसे न घेणे म्हणजे काहीच न घेणे नव्हे. पाहुणचारातही देणे-घेणे असते, फक्त त्याची पावती फाडलेली नसते. अनेकदा पावती नसलेले देणे अधिक जड असते. कारण ते फिटले की नाही, हे यजमानच ठरवतो.

पुढे १५५९ पासून १९२५ पर्यंत, म्हणजे साडेतीनशेहून अधिक वर्षे, हा वाडा चॅम्पर्नाउन घराण्याकडे होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भोजनगृहाचे छप्पर काढून टाकावे लागले. नंतर तिथे चार भिंती आणि वर आकाश एवढेच राहिले. इंग्लंडातल्या अशा घरांवर पुढे एकामागून एक संकटे आली. १८७० नंतर परदेशी धान्य स्वस्तात येऊ लागले आणि जमिनीचा खंड घसरला. १८९४ मध्ये वारसा हक्काने येणाऱ्या मिळकतीवरचा कर नव्याने बसला. मग पहिल्या महायुद्धात अनेक घरांचे वारस खंदकांत मेले. विसाव्या शतकात त्या देशातले एक हजाराहून अधिक जमीनदारी वाडे पाडले गेले. जे वाचले त्यांतले काही शाळा झाले, काही इस्पितळे, काही सार्वजनिक विश्वस्तांकडे गेले आणि पुष्कळसे हॉटेल झाले.

या पडझडीवर अश्रू ढाळण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. त्यांतल्या कित्येक घरांच्या भिंतींत वसाहतींची लूट होती, काहींत गुलामांच्या घामाची साखर होती. हिंदुस्थानातून गेलेला पैसाही त्या चुन्यात कालवलेला आहे. पण घर पडले म्हणून अन्यायाची भरपाई होत नाही. पडलेल्या भिंतीतून कोणाच्याही पोटाला भाकरी मिळत नाही. खरा प्रश्न असा की, अशा घराचे दार पुढे कोणासाठी उघडायचे?

डार्टिंग्टनपुरते त्याचे एक उत्तर निघाले आणि त्या उत्तराची वाट बंगालमधून जाते.

लेनर्ड एल्महर्स्ट हा यॉर्कशरच्या एका पाद्र्याचा मुलगा. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शेतीशास्त्र शिकत असताना १९२१ मध्ये न्यूयॉर्कला त्याची रवींद्रनाथ टागोरांशी भेट झाली. टागोरांना शांतिनिकेतनजवळच्या खेड्यांत काम करणारा माणूस हवा होता. लेनर्ड आला आणि फेब्रुवारी १९२२ मध्ये सुरुल येथे ग्रामपुनर्रचनेचे काम सुरू झाले. तेच पुढे श्रीनिकेतन म्हणून प्रसिद्ध झाले. मलेरिया, नापीक जमीन, कर्ज आणि आपसांतला अविश्वास यांनी खचलेल्या खेड्यांना पुन्हा पायांवर उभे करायचे, असा तो उद्योग होता. त्यासाठी पैसा आला डोरोथी स्ट्रेट या अमेरिकन विधवेकडून. तिचे वडील विल्यम व्हिटनी हे न्यूयॉर्कच्या ट्रामगाड्यांच्या व्यवसायात प्रचंड संपत्ती मिळवलेले भांडवलदार आणि अमेरिकेचे एकेकाळचे नौदलमंत्री. तिचा पहिला नवरा १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीत पॅरिसमध्ये वारला होता.

१९२५ मध्ये लेनर्ड आणि डोरोथी यांचे लग्न झाले आणि त्याच वर्षी त्यांनी मोडकळीला आलेला डार्टिंग्टनचा वाडा जमिनीसह विकत घेतला. बंगालच्या खेड्यात जे पाहिले, केले, ते इंग्लंडच्या खेड्यात करून पाहायचे होते. १९२६ मध्ये शाळा निघाली. मुले-मुली एकत्र, छडी नाही, गणवेश नाही. शेती, दूध, कोंबड्या, लाकूड कापण्याची गिरणी, कापड विणण्याची गिरणी, इमारत बांधणीचा व्यवसाय असे उद्योग उभे राहिले. विल्यम वेअर या वास्तुतज्ज्ञाने भोजनगृहावर ओकच्या लाकडाचे नवे छप्पर चढवले. नर्तक कुर्ट योस याने आपल्या संचातल्या ज्यू सहकाऱ्यांना काढायला नकार दिला आणि नाझी जर्मनी सोडली. त्याला आणि त्याच्या संचाला १९३४ मध्ये इथे आसरा मिळाला. आपला उदय शंकरही १९३६ मध्ये इथे येऊन राहिला. ज्या खोल्या सरदाराच्या शिलेदारांसाठी बांधल्या होत्या त्या वाड्यात आता नर्तक, कुंभार, शिक्षक आणि निर्वासित वावरू लागले.

हे वाचताना मन भरून येते. पण आम्हांला वकीलसाहेबांचा आवाजही ऐकू येत होता, “तेल कुठून येत होतं?”

तेल डोरोथीच्या तिजोरीतून येत होते. वाड्यातले उद्योग स्वतःच्या पायांवर उभे राहावेत अशी कल्पना होती, परंतु त्यांतले अनेक वर्षानुवर्षे तोट्यात चालले आणि तो तोटा तिच्या वारशाने भरून काढला. म्हणजे जो प्रयोग नव्या, न्याय्य समाजाचा होता, तो जुन्या समाजाच्या नफ्यावर जगत होता. न्यूयॉर्कच्या ट्रामगाडीत पाच सेंट देऊन चढणाऱ्या मजुराला कुठे ठाऊक होते की, त्याच्या नाण्यातला काही अंश सुरुलच्या शेतात आणि डेव्हनच्या शाळेत जाणार आहे? हे दान वाईट होते असे आम्ही म्हणत नाही. उलट, तसा पैसा असलेल्या शंभरांपैकी नव्व्याण्णवांनी तो घोड्यांच्या शर्यतींत उडवला असता. म्हणणे एवढेच की, त्या सुवर्णकाळातही घर ‘निव्वळ आदर्शावर’ चाललेले नव्हते. बिल होतेच. ते चुकते करणारी दाता एकच होती, म्हणून इतरांना दिसत नव्हते.

डोरोथी १९६८ मध्ये गेली, लेनर्ड १९७४ मध्ये. बिल दिसू लागले.

इथे आणखी एका माणसाची आठवण केली पाहिजे, कारण त्याचा धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येतो. राजस्थानात जन्मलेले सतीश कुमार लहानपणी जैन मुनी झाले, तरुणपणी ती दीक्षा सोडून विनोबांच्या भूदान चळवळीत आले. १९६२ मध्ये ते आणि त्यांचे मित्र ई. पी. मेनन अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून पायी निघाले. मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन असा तो प्रवास. निघताना कोकणातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी त्यांना सल्ला दिला की, जवळ एक पैसाही ठेवू नका. पैसा असेल तर तुम्ही खाणावळीत जेवाल, धर्मशाळेत झोपाल आणि कोणाशी बोलणार नाही. पैसा नसेल तर माणसाचे दार ठोठवावेच लागेल. असा त्या सल्ल्याचा मथितार्थ आम्ही समजतो.

तेच सतीश कुमार पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झाले आणि १९९१ मध्ये डार्टिंग्टनच्याच आवारात शूमाखर कॉलेज सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ या १९७३ च्या पुस्तकाचे लेखक ई. एफ. शूमाखर यांचे नाव त्या संस्थेला दिले होते. विद्यार्थी स्वतः स्वयंपाक करीत, झाडलोट करीत, बागेत राबत. पण शुल्क भरावे लागे. बिनपैशाने जग चालून आलेला माणूस शुल्क घेणाऱ्या संस्थेचा संस्थापक झाला! यात कोणाला ढोंग दिसेल. आम्हांला दिसत नाही. बिनपैशाचा वाटसरू हा जगातला सर्वांत मोकळा माणूस खरा, परंतु तो रात्री ज्या छपराखाली झोपतो ते छप्पर कोणीतरी शाकारलेले असते. पाहुण्याचे धर्म वेगळे आणि यजमानाचे वेगळे. पाहुण्याने पैशाविना यावे, यजमानाला मात्र वासे कुजल्याची चिंता करावीच लागते. विनोबांचा सल्ला पाहुण्यासाठी होता. आम्ही पाचजण यजमानाच्या बाजूला बसलो होतो, आणि यजमानासाठी इतका सोपा सल्ला कोणी दिलेला नाही.

तर मग हॉटेल करण्यात चूक काय?

हॉटेलच्या बाजूने बोलायचे तर पुष्कळ बोलता येते. छप्पर टिकते. गावातल्या माणसांना रोजगार मिळतो. हॉलंडच्या काळात ज्या चौकात कुळाने फक्त ओझे घेऊन यायचे, तिथे आज त्याचा वंशज खुर्चीवर बसून चहा मागवू शकतो. पैसे देणारा कोणाचा मिंधा नसतो. सकाळी बिल चुकते केले की मान ताठ ठेवून निघता येते. पैशाला कूळ कळत नाही, हे त्याचे मोठेपण. निदान कळू नये. आपल्या शहरांत भाड्याची खोली शोधणाऱ्या आमच्या मुलांना वेगळा अनुभव येतो, हे या पानांवर नव्याने सांगायला नको. भाडे ठरते, अनामत ठरते, शेवटी नाव विचारले जाते आणि खोली अचानक ‘आधीच दिलेली’ असते. ज्याने असे दार बंद होताना पाहिले आहे, तो पैसे घेऊन का होईना, पण सर्वांना सारखे उघडणाऱ्या दाराची किंमत जाणतो. तेव्हा ‘गिऱ्हाईक’ ही शिवी नाही.

आणि तरीही डार्टिंग्टनच्या हकिकतीचा उत्तरार्ध वाचताना छातीत काहीतरी हलते. १९८७ मध्ये शाळा बंद झाली. १९६१ मध्ये निघालेले कला महाविद्यालय २०१० मध्ये कॉर्नवॉलमधल्या फाल्मथला गेले. शूमाखर कॉलेजचे पदवी अभ्यासक्रम २०२४ मध्ये थांबवले गेले. प्रत्येक वेळी कारणे होती, आकडे होते, बैठका होत्या. कोणत्याही एका दिवसाकडे बोट दाखवून ‘या दिवशी विश्वासघात झाला’ असे म्हणता येत नाही. धान्याच्या राशीतून एक दाणा काढला तर रास राहते, दुसरा काढला तरी राहते. मग ती नाहीशी केव्हा होते? नैतिक आयुष्यातले बहुतेक ऱ्हास असेच होतात. वाईट माणसे लागत नाहीत. हिशेब नीट ठेवणारी चांगली माणसे पुरतात.

हा प्रश्न छपराचा नाही, हे आम्हांला इथे उमगले. भोजनगृहाचे छप्पर आज आहे ते विसाव्या शतकातले आहे, हॉलंडचे नाही. पण म्हणून ते भोजनगृह खोटे आहे असे कोणी म्हणत नाही. लाकूड बदलले तरी घर तेच राहते. मालक बदलले, धंदा बदलला, तरी घर राहू शकते. पण ज्याच्यासाठी दार उघडायचे तो माणूस बदलला तर? शाळा-कॉलेज चालावे म्हणून खोल्या भाड्याने द्यायच्या हे एक. शाळा-कॉलेज गेले आणि खोल्या राहिल्या हे दुसरे. साधन उरते आणि साध्य निघून जाते. घर वाचते. पण कशासाठी वाचवले, हे सांगणारे त्यात कोणी उरत नाही.

अमानत या शब्दाचा अर्थ आम्ही लहानपणी एवढाच समजत होतो की, दुसऱ्याची वस्तू जशीच्या तशी परत करायची. पण घर, संस्था, जमीन या वस्तू जशाच्या तशा राहूच शकत नाहीत. न वापरलेले घर पडते, न शाकारलेले गळते. मग वक्फ असो, देवस्थानची इनाम जमीन असो की इंग्रजी पद्धतीचा ट्रस्ट असो, अशा वस्तूची अमानत राखणे म्हणजे तिची नियत राखणे. आणि नियत भिंतीत राहत नाही. ती राहते एका छोट्याशा गोष्टीत: या घरात विकायला न ठेवलेले असे काही आहे का? नव्व्याण्णव खोल्या भाड्याने द्या. पण शंभरावी खोली, किंवा एखादी खुर्ची, एखादे टेबल असे असले पाहिजे की ज्याची किंमत विचारणाऱ्याला ‘हे विकाऊ नाही’ असे सांगता येईल. ती खुर्ची असेपर्यंत बाकीचे भाडे हे तेल आहे. ती खुर्ची गेली की ते दुकान आहे. दुकान असणे हे पाप नव्हे, परंतु मग त्याने विश्वस्त म्हणवून घेऊ नये.

पुढच्या बैठकीत आम्ही हे सगळे मांडले. डार्टिंग्टन, टागोर, विनोबा ऐकून वकीलसाहेब हसले आणि म्हणाले, “एवढं इंग्लंड फिरवून आणलंत, आता ठराव काय लिहू ते सांगा.” ठराव असा झाला: वरचा दिवाणखाना आणि आवार फक्त रविवारी भाड्याने द्यावे. करार अकरा महिन्यांचा, आपोआप न वाढणारा. आणि खिडकीजवळचे लांब टेबल, जिथे मुले अभ्यासाला बसतात, ते कोणत्याही दिवशी, कोणत्याही कारणासाठी हलवू नये. मास्तरसाहेबांनी ‘कोणत्याही’ या शब्दाखाली दोनदा रेघ ओढायला लावली.

छप्पर झाले. या पावसाळ्यात एक पुस्तकही भिजले नाही. वकीलसाहेब बरोबर ठरले.

पण पहिल्याच लग्नाच्या रविवारी आम्ही फाटकापाशी उभे होतो. वर पाहुणे, खाली बिर्याणीची पातेली, लाउडस्पीकर. टेबल जागेवरच होते, ठरावाप्रमाणे. बारावीतला एक मुलगा बगलेत पुस्तके घेऊन आला, आवाराकडे पाहिले, झगमगाटाकडे पाहिले, आणि कोणी काही म्हणण्याआधीच मागे वळला. त्याला कोणी परत पाठवले नव्हते. तो आपणहून परत गेला.

दानपत्रातले ते वाक्य आमच्या कानांत वाजत राहिले. परत पाठवू नये, असे त्यात लिहिले आहे. आपणहून परत जाणाऱ्याचे काय, ते लिहिलेले नाही. त्या मुलाचे घर शोधून आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो आणि त्याला सांगितले की, बेटा, टेबल तुझेच आहे. तो आला. पण त्या रविवारी तो जी पावले मागे गेला, ती कोणाच्या हिशेबात मांडायची? करार संपायला अजून चार महिने आहेत. मास्तरसाहेब रोज विचारतात. आम्ही रोज मोजतो.